साडेअठ्ठावन्न ग्रॅम

वहिनीने बरणी उचलून ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "ताई, ही फेकू ना?"

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. महिनाअखेरीस घर रिकामं करून द्यायचंय, म्हणून मी रजा टाकून भाईंदरला माहेरी आलेय. गेले चार दिवस घरात 'ठेवू की फेकू' एवढा एकच खेळ चाललाय. आईला हे बघवेना, ती मामाकडे जाऊन बसली. भावाच्या ट्रॉफ्या गेल्या, जुना मिक्सर गेला, माझ्या शाळेच्या वह्या गेल्या, मी हूं की चूं केलं नाही. पण ही बरणी! चिनी मातीची, खाली पांढरी, वर तपकिरी, झाकणाच्या कडेला एक टवका उडालेला. माझ्या आत्याची मिठाची बरणी. आत्या जाऊन चार वर्षं झाली. तळाला मीठ अजून आहे, फक्त त्याचा आता दगड झालाय. बरणी उलटी केली तरी कण हलत नाही.

"खबरदार हात लावशील तर," मी एवढ्या जोरात म्हटलं की हॉलमधून बाबांनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही बाबा. मीठ!"

लाटणं घेऊन मी त्या दगडाच्या कडेने हळूहळू ठोकायला लागले. एक टवका निघाला आणि वास आला. पिशवीतल्या मिठाला वास नसतो. ह्याला आहे. खाडीच्या चिखलाचा, उन्हात तापलेल्या पाण्याचा, किंचित गोणपाटाचा. तो वास नाकात गेला आणि काय सांगू, मी सोळा वर्षांची झाले. अकरावी सायन्स, दोन वेण्या, बोटांवर काळे डाग आणि डोक्यात एकच आकडा.

त्या आकड्याकडे जायच्या आधी मिठागर सांगायला हवं. आता मेट्रोचे खांब आणि टॉवर बघणाऱ्या माणसाला खरं वाटणार नाही, पण आमच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इथे पाणी पिकवलं. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात खेळवायचं, उन्हाने ते जड होत जायचं, आणि माघ-फाल्गुनात एका सकाळी त्याच्यावर पातळ साय धरायची. त्या सायीवर टाच ठेवली की कुर्रर्र असा आवाज यायचा. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन, तो आवाज ऐकायला मी मुद्दाम पाय आपटत चालायचे आणि आत्या लांबून ओरडायची, "ए पोरी, मीट मोरू नको!" मोडूचं मोरू, वेड्याचं येरा, अशी तिची बोली. तिच्या डोक्यावर टोपली असायची, मान एकदम ताठ. टोपलीतून निथळणारं पाणी तिच्या पाठीवरून ओघळायचं आणि वाळल्यावर लुगड्यावर पांढरे नकाशे उमटायचे. वारा आला की सगळीकडे खारट. ओठ चाटले तरी जेवल्यासारखं वाटायचं.

बाबा त्यातून लवकर बाहेर पडले, शिकले, अंधेरीला एका कंपनीत स्टोअर सांभाळायला लागले. "माझं शिक्षण बायच्या टोपलीतून झालं," हे ते स्वतःच सांगायचे. बाय म्हणजे आत्या, त्यांची थोरली बहीण. ती आमच्याकडेच राहायची. स्वतः मात्र शाळेची पायरी चढली नव्हती, अंगठा उठवायची.

मिठागर बंद झालं त्या शेवटच्या हंगामातली एक गोण घरी आली आणि त्यातली ही बरणी. तिचे कायदे कडक होते. बरणीत हात घालायचा तो फक्त आत्याने. मीठ निघायचं ते फक्त लोणच्याला. दिवेलागणीनंतर मीठ मागायचं नाही. आणि कुणालाही मीठ हातात द्यायचं नाही, दिलं तर त्या दोघांचं भांडण होतं. तिने ताटली जमिनीवर ठेवायची, समोरच्याने तिथून उचलायची. रोजच्या भाजीलाही आमच्याकडे खडा मीठच यायचं. "पिशवीतलं मीट म्हंजे पावडर," ती म्हणायची आणि पावडर हा शब्द असा उच्चारायची की टीव्हीवरच्या जाहिरातीलाही लाज वाटावी.

तर अकरावी. दहावीला मला बरे मार्क पडले आणि मी छाती फुगवून सायन्स घेतलं. पहिल्या युनिट टेस्टला केमिस्ट्रीत पंचवीसपैकी तीन! तीनातला एक मार्क नीटनेटकेपणाचा असावा. मोल नावाचं ते प्रकरण सगळं डोक्यावरून गेलं होतं. सहा पॉइंट शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात. एवढे शून्य वहीच्या ओळीत मावत नव्हते, मनात कुठून मावणार? ग्रॅमला कशाने भागायचं, मोलला कशाने गुणायचं, मी आपली जे दिसेल त्याने भागायची.

बाबांनी पेपर पाहिला. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. "कॉमर्स काय वाईट आहे? नोकरी पटकन लागते," म्हणाले. दोन दिवसांनी ते कॉलेजातून शाखा बदलायचा फॉर्म घेऊन आले, भरला, माझा पासपोर्ट फोटो डकवला आणि खाली सही केली. शनिवार शेवटची तारीख होती. फॉर्म टीव्हीखालच्या खणात गेला. येता-जाता मला तो खण दिसायचा. मला सायन्समध्ये राहायचं होतं. का, ते मला धड सांगता आलं नसतं. मला लॅबचा वास आवडायचा, बस.

आणि मला मिरांडा सर आवडायचे. सर उत्तनचे, कोळीवाड्यातले. घरी होड्या होत्या, भावंडं मासेमारी करायची आणि हे उत्तनच्या बसने येऊन आम्हाला केमिस्ट्री शिकवायचे. त्यांच्या कापडी बॅगेला कायम सुक्या बोंबलांचा वास. पुढच्या बाकावरच्या मुली नाक मुरडायच्या. टेस्टचे पेपर वाटल्यावर सर फळ्याकडे पाठ करून उभे राहिले. निम्मा वर्ग नापास होता.

"पुस्तक बंद करा," सर म्हणाले. "मला सांगा, बाजारात जवळा घेता तो मोजून घेता काय?"

जवळा म्हणजे ती बारीक, केसाएवढी कोलंबी. सगळे हसले. "नाही सर, मापाने घेतात."

"का मोजून न्हाय?"

"सर, संध्याकाळ होईल!"

"बरं. शंभर बोंबील आणि शंभर सुरमई. आकडा सारखा हाय ना? वजन सारखं हाय काय?"

"नाही सर!"

"मग रडताय कशाला? मोल म्हणजे शेकडाच. जरा मोठा शेकडा. आणि अणू म्हणजे जवळ्याहून बारीक जवळा. तो मोजायचा न्हाय. तोलायचा. बोंबलाच्या शेकड्याचं वजन माहीत असलं की तोललं म्हणजे मोजलं!"

तोललं म्हणजे मोजलं. मी ते तळहातावर पेनने लिहून घेतलं. डोक्यात काहीतरी किंचित हललं, रुतलेली होडी भरतीला हलते तसं.

"शुक्रवारी प्रॅक्टिकलला प्रत्येकाने घरातून एक मोल घेऊन यायचा," सर म्हणाले. "साखरेचा आणा, सोड्याचा आणा, पाण्याचा आणा. कागदावर हिशोब मांडा आणि बरोबर तेवढं तोलून आणा. मीठ आणणाऱ्यांचं आपण तपासून बघू."

सोडियम तेवीस, क्लोरीन साडेपस्तीस. साडेअठ्ठावन्न. मी घरी धावत आले.

"आत्या, मला मीठ दे."

"डब्यान हाय ना."

"डब्यातलं नको, बरणीतलं. कॉलेजला न्यायचंय."

आत्या तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. मिठाबद्दल घरात कुणी काही विचारलं त्याला कितीतरी वर्षं झाली असतील. "किती पायजे?"

"साडेअठ्ठावन्न ग्रॅम."

"ह्ये कसलं गं माप?" ती खदखदून हसली. "आमी खंडीनं मीट काडलं, साडेअट्टावन ग्राम कंदी न्हाय काडलं." पण उठली. हात धुतले, पुसले, बरणी उघडली, दोन मुठी ताटलीत घातल्या, ताटली जमिनीवर ठेवली. मी उचलली.

तोलायचं कुठे? वाण्याचा काटा पाच-पाच ग्रॅमने उड्या मारायचा. मग मी आमच्या नाक्यावरच्या सोनाराकडे गेले. शेठजी चष्म्यावरून बघत राहिले.

"बेटा, ये नमक है?"

"हां अंकल. सिर्फ साडेअठ्ठावन ग्राम चाहिए. कॉलेज का है."

"यहाँ सोना तुलता है."

"इसीलिए तो आई हूँ!"

शेठजींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी काचेच्या पेटीतला काटा पुढे ओढला. मी चिमटीने एकेक खडा घालत होते आणि तो आकडा सरकत होता. ५८.३०. ५८.४४. ५८.५०. माझा श्वास अडकला होता. पुडी बांधून मी बाहेर पडले तेव्हा हातात सोडियम-क्लोरीनच्या सहा पॉइंट शून्य दोन दोन वगैरे वगैरे जोड्या होत्या, मोजलेल्या, एकही कमी नाही. रस्त्यात मी रिक्षांनाही वाट देत नव्हते.

शुक्रवारी लॅबमध्ये काय जत्रा होती! कुणी बाटलीत अठरा ग्रॅम पाणी आणलं होतं, दोन घोट, आणि ते टेबलावर ठेवून "हाच का तो मोल?" म्हणून सगळे वाकून बघत होते. कुणी साखरेची तीनशे बेचाळीस ग्रॅमची भलीमोठी पिशवी. सोडा, चुना, एकाने तर आईची चांदीची जोडवी आणून "सर, हे किती मोल?" म्हणून विचारलं. स्पिरिटचा, गॅसचा, ओल्या रेनकोटांचा आणि सरांच्या बॅगेतल्या बोंबलांचा असा एकत्र वास.

"मीठवाले इकडे या."

आम्ही चौघं पुढे झालो. सरांनी हात पुढे केला. मी सवयीने पुडी त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवली. सर एक क्षण थांबले आणि हसले. "आमच्यात पण न्हाय देत हातात," म्हणाले आणि पुडी टेबलावरून उचलली.

प्रत्येकाच्या मिठाचा दहावा हिस्सा तोलून लिटरभर पाण्यात विरघळवला, त्यातलं दहा मिली चंचुपात्रात, वर पिवळा थेंब. आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट, थेंब थेंब. ते महाग, म्हणून नळी सर स्वतः धरायचे. थेंब पडला की आत दही लागल्यासारखं पांढरं गढूळ व्हायचं. पांढरं, पांढरं, अजून पांढरं, आणि मग अचानक एका थेंबाने सगळं विटकरी! मीठ संपलं की रंग बदलतो. शंभर टक्के मीठ असेल तर बरोबर दहा मिली लागायला हवे.

पहिल्याचं दहा. दुसरीचं दहा. तिसऱ्याचं नऊ पॉइंट नऊ. माझं नऊ पॉइंट एकलाच विटकरी झालं.

सरांनी पुन्हा केलं. पुन्हा नऊ पॉइंट एक.

"वजन चुकलंय तुझं," सर म्हणाले.

"नाही सर. सोनाराकडे तोललंय!"

सगळा वर्ग हसला. सरांनी पुडीतलं उरलेलं तोललं, ते बरोबर भरलं. पण घंटा झाली होती. मी पुडीचा रिकामा कागद घेऊन निघाले. मोल समजला असं वाटायला लागलं आणि नेमका माझाच मोल कमी भरला, म्हणजे बाबांचंच बरोबर असणार. बसस्टॉपपर्यंत मी रडत गेले, लपवायचंही सुचलं नाही.

घरी आत्याने काही न विचारता पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. चंचुपात्र, विटकरी रंग, नऊ पॉइंट एक. तिला त्यातलं किती कळलं माहीत नाही, पण शेवटचं वाक्य तिला बरोबर कळलं: आपलं मीठ कमी भरलं.

"आपलं मीट कमी?" तिने पदर खोचला. "पावसाल्यान तोललंस ना? पावसाल्यान मीट पानी पितं. व्यापारी काय येरा हुता? ओल्या मिटाची घट धरायचा. वजनान पानी पन आलं ना!"

मी रडायची थांबले.

"मग सुकवायचं कसं? ऊन तर नाही."

"तव्यावर. तरतर थांबली का मीट सुकलं. उद्या करू. आता दिवं लागलं."

तेवढ्यात बाबा आले. "उद्या ऑफिसला जाताना फॉर्म देऊन येतो," म्हणाले. मी आत निघून गेले.

शनिवारी सकाळी फॉर्म सापडेना! बाबांनी टीव्हीखालचा खण उपसला, गाद्या उचलल्या, रद्दी सोडली, आईची पर्स झटकली, सगळं घर पालथं घातलं. माझ्याकडे वळून विचारलं, "तू लपवलास?"

"देवाशप्पथ नाही बाबा!" आणि मी खरंच लपवला नव्हता. लपवायचं सुचलं नाही याचंच मला तेव्हा वाईट वाटलं.

"बाय, तू बघितलास का फॉर्म?"

आत्या तांदूळ निवडत होती. "मना काय वाचता येतंय? सापरंल. घरातला कागद घरान्च हाय."

कॉलेजचं ऑफिस शनिवारी बाराला बंद व्हायचं. बाबा चरफडत कामावर गेले. "सोमवारी स्वतः येतो. दुसरा फॉर्म घेऊ, उशिराचा अर्ज करू," जाताना म्हणाले.

दुपारी आम्ही दोघींनी तवा ठेवला. बरणीतून पुन्हा मीठ काढलं, शेठजींकडे जाऊन पुन्हा बरोबर ५८.५० करून आणलं. "तुजा हात नको बरनीन, लोनचं नासतं," म्हणून आत्याने मला बरणीच्या जवळ येऊ दिलं नाही. तव्यात मीठ, वर दुसरा तवा झाकण म्हणून. आणि मग ते सुरू झालं! तड. तड तड. तडतडतडतड! लोखंडावर गारा पडाव्यात तसं. प्रत्येक खड्याच्या पोटात खाडीचं पाणी कोंडून बसलेलं होतं, ते फुटून बाहेर येत होतं. झाकणाच्या आतून थेंब धरले. स्वयंपाकघरात मिठागराचा वास भरला, तोच, फाल्गुनातला. आत्या डोळे मिटून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं दिसत होतं. तडतड विरळ झाली, एखादाच खडा मागे राहिला, मग तोही गप्प झाला.

"आता जा," ती म्हणाली.

मी कॉफीच्या काचेच्या बाटलीत मीठ भरलं, झाकण घट्ट लावलं आणि पळाले. शेठजी गिऱ्हाईक सोडून काट्याकडे आले. ५३.८०.

"कितना उड़ गया?"

"चार पॉइंट सात ग्राम!"

"बाप रे," शेठजी म्हणाले. "सोना होता तो मैं मर जाता."

मी तिथेच, त्यांच्या काउंटरवर, पावतीच्या मागे भागाकार केला. त्रेपन्न पॉइंट आठ भागिले साडेअठ्ठावन्न. शून्य पॉइंट ब्याण्णव! सरांच्या काचेच्या नळीने सांगितलं होतं नऊ पॉइंट एक, म्हणजे शून्य पॉइंट एक्याण्णव. आमच्या तव्याने सांगितलं शून्य पॉइंट ब्याण्णव. कुठे ती चांदीची महागडी पाण्यासारखी दवा आणि कुठे आत्याचा भाकरीचा तवा, दोघांनी न भेटता एकच उत्तर दिलं होतं! मी ओरडले. शेठजींनी मला पेढा दिला, का दिला ते त्यांनाही ठाऊक नसावं. उडालेलं पाणी भागिले अठरा, पाव मोल पाणी. माझं वजन चुकलं नव्हतं. मोलही चुकला नव्हता. मी मीठ म्हणून खाडी तोलली होती.

रविवारी मी पुस्तकातली मागची सगळी गणितं सोडवली. बत्तीस. पंखा बंद ठेवून, कारण कागद उडत होते. भागायचं की गुणायचं असा प्रश्नच पडेना. सगळीकडे बोंबलांचे शेकडे दिसत होते.

सोमवारी बाबा माझ्याबरोबर कॉलेजात आले. ऑफिसातल्या माणसाने सांगितलं, आता उशीर झालाय, नव्या फॉर्मवर आधी वर्गशिक्षकांची सही आणा. वर्गशिक्षक मिरांडा सर. सर लॅबमध्ये होते. बाबांनी कोरा फॉर्म पुढे केला आणि मी कोरड्या मिठाची बाटली टेबलावर ठेवली, शेजारी पावतीचा कागद.

सरांनी आधी कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला. "तवा?" त्यांनी विचारलं.

"आत्याने सांगितलं सर. तडतड थांबेपर्यंत."

सरांनी बाटलीतलं कोरडं मीठ बरोबर ५.८५ ग्रॅम तोललं, लिटरभर पाण्यात विरघळवलं, त्यातलं दहा मिली घेतलं. त्यांनी ब्युरेट धुतली, भरली. "या, तुम्ही पण बघा," बाबांना म्हणाले आणि नळी माझ्या हातात दिली. माझ्या! पहिल्यांदाच. बाबा स्टुलावर बसले, मांडीवर बॅग, बॅगेवर तो कोरा फॉर्म. मी थेंब सोडायला लागले. नऊ. पांढरं. नऊ पॉइंट एक, घाईत दोन थेंब बोटांवर सांडले. तरी पांढरं! नऊ पॉइंट पाच. नऊ पॉइंट आठ. बाबा स्टुलावरून उठून वाकले होते, त्यांचं नाक चंचुपात्राला लागायचं बाकी होतं. नऊ पॉइंट नऊ, आणि विटकरी.

"उरलेला तो पॉइंट वन म्हणजे तुमच्या खाडीचा चिखल," सर म्हणाले. मग बाबांकडे वळले. "मी चुकलो होतो. तिने मला दाखवून दिलं. आता सांगा, सही करू?"

बाबांनी बाटली उचलून मिठाचा वास घेतला. हे मीठ कुठलं, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"राहू दे मग," ते म्हणाले.

सिल्व्हर नायट्रेटचे डाग उन्हात काळे पडतात. माझ्या बोटांवर ते आठवडाभर होते, साबणाने जाईनात, आणि मी ते घासलेही नाहीत. गणपतीत उकडीचे मोदक करताना मी काळ्या बोटांनी पाऱ्या वळत होते. सारण संपलं, उकड उरली, आणि मी "नारळ कमी पडला, जो आधी संपतो तोच सगळं ठरवतो, अगदी केमिस्ट्रीसारखं!" म्हणून एवढी ओरडले की आत्याने कपाळावर हात मारला.

आज मी एका औषधांच्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे. माझा काटा चार दशांश स्थळांपर्यंत दाखवतो आणि आकडा स्थिर होताना मी अजून श्वास धरते. इतकी वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना सांगत आले, नव्या मुलींना तर पहिल्याच दिवशी. एका नऊ पॉइंट एकने मला सायन्समध्ये ठेवलं, असा माझा तोरा.

लाटण्याने ठोकता ठोकता दगडाला आता चीर पडली. आत्या तळाचं मीठ कधी काढायची नाही. "बरनी रिकामी करू न्हाय," म्हणायची. मी बरणी आडवी केली, दोन्ही हातांनी हलवली आणि अख्खा गोळा धप्पकन ओट्यावर आला. त्याच्या खालच्या बाजूला प्लास्टिकचं टोक दिसलं.

दुधाची पिशवी होती. धुऊन, वाळवून, घट्ट गुंडाळलेली. आत चार घड्या घातलेला कागद. उलगडला. वरच्या कोपऱ्यात दोन वेण्या, घाबरलेले डोळे, मीच. शाखा बदलण्यासाठी अर्ज. खाली बाबांची सही.

तिला वाचता येत नव्हतं. फोटो ओळखता येत होता.

"बाबा!" मी किंचाळलेच. "बाबा, लवकर या!"

बाबा चष्मा शोधत आत आले. वहिनी पोळपाट हातात घेऊन उभी. मला एकदम हसू यायला लागलं आणि डोळे पाण्याने भरले, दोन्ही एकाच वेळी. शुक्रवारी, माझं रडून झाल्यावर, केव्हातरी तिने ही घडी घातली असणार. आणि शनिवारी बाबा गाद्या उचलत होते तेव्हा तांदूळ निवडत बसली होती. खोटंही बोलली नाही. घरातला कागद घरातच होता. तिने मला दोन दिवस मिळवून दिले नसते, तर सोमवारी दाखवायला माझ्याकडे काय होतं? कोरडं मीठही नव्हतं आणि भागाकारही नव्हता.

"हा इथे होता होय!" बाबा म्हणाले. "आणि मी सोफा उलटा केला होता गं."

त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. कागदाच्या घड्यांमध्ये मिठाचे खडे चिकटलेले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला.

बाबा क्षणभर थांबले. मग त्यांनी तो ओट्यावरून उचलला.